उघडं बॉनेट आणि नोरीनचा स्पंज

गाडीने पहिला गचका दिला तेव्हा लिंडसे पेंगेलीने तो रस्त्याच्या माथी मारला. दुसरा दिला तेव्हा वाऱ्याच्या. तिसऱ्या गचक्याला नोरीनच्या मांडीवरचा बदकाच्या अंड्यांचा खोका उसळला, आतून 'टच्' असं काहीतरी वाजलं, आणि दोष द्यायला गाडीत फक्त दोन माणसं उरली. नोरीनने त्यातलं एक लगेच निवडलं.

"गाडी मिसिंग मारतेय, लिंडसे."

"मिसिंग नाही. चढ आहे."

"कुलबरा ते पोर्ट हेलन चढ? इथे बशीत गोटी ठेवली तर ती कंटाळून मरेल, पण हलणार नाही."

खरंच होतं ते. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मधून फूटपट्टीने आखल्यासारखा रस्ता, लांब क्षितिजावर धान्याच्या कोठ्या. त्या मुलखात चढ नावाची चीज देवाने ठेवलेलीच नाही. पण खोटं बोलताना नवरा भूगोल बघत नाही.

गाडी म्हणजे सहा सिलिंडरची स्टेशन वॅगन, वय चाळिशीपलीकडे, रंग कधीकाळी बदामी. तिच्यावर लिंडसेचा जीव होता असं म्हणणं खोटं ठरेल. जीव नव्हता, हट्ट होता. त्याचा मेहुणा रॉस दर ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर विचारायचा, "काय रे, अजून भंगारात नाही घातलीस?" आणि दर ख्रिसमसला लिंडसे मनाशी ठरवायचा की रॉसच्या अंत्ययात्रेला ही गाडी नेल्याशिवाय विकायची नाही. मध्यमवर्गीय माणसाची निष्ठा बहुतेक वेळा अशीच कुणाच्या तरी नाकावर टिच्चून पोसलेली असते. तिला उगाच प्रेमबिम म्हणू नये.

या खेपेस मात्र हट्टापेक्षा मोठं काहीतरी अडकलं होतं. पोर्ट हेलनचं शेतकी प्रदर्शन तोंडावर आलं होतं. प्रदर्शनात बैल असतात, मेंढे असतात, लाकूडतोडीच्या शर्यती असतात, पण खरं रक्त सांडतं ते केकच्या मंडपात. स्पंज केकमध्ये नोरीन वर्षानुवर्षं दुसरी येत होती, आणि वर्षानुवर्षं पहिली येत होती ग्लेनिस. ही ग्लेनिस म्हणजे रॉसची बायको, नोरीनची सख्खी भावजय. निकाल लागला की ग्लेनिस नोरीनच्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "तुझा चवीला छान असणार गं." हे वाक्य जिला कुणी कधी ऐकवलं नसेल, त्या बाईला युद्ध म्हणजे काय ते कळायचं नाही.

स्पंजचे नियम लष्करी. वरच्या अंगावर केक गार करायच्या जाळीचे वळ दिसले, बाद. केस सापडला, बाद. भेग गेली, वरचा थर जॅमवरून घसरला, बाद. आणि सकाळी नऊच्या आत केक टेबलावर नसला तर मग तो खुशाल कोंबड्यांना घालावा. यंदा नोरीनने बदकाची अंडी मिळवली होती, पीठ तीनदा चाळून बघितलं होतं, भट्टीशी तडजोड केली होती. यंदाचं वर्ष तिचं होतं. फक्त तो केक गचके न खाता पोर्ट हेलनला पोचायला हवा होता.

रॉसचा फोन आला, यायचाच होता. "दोन्ही केक माझ्या गाडीतून नेऊ या. नवी गाडी आहे, गादीवर बसल्यासारखी चालते. ग्लेनिसची काही हरकत नाही."

नोरीनने फोन शांतपणे खाली ठेवला. "तिची हरकत नाही म्हणे," ती लिंडसेला म्हणाली. "तिच्याच गाडीतून जाऊन तिलाच हरवू? त्यापेक्षा केक डोक्यावर घेऊन चालत जाईन. तू गाडी नीट कर. होत नसेल तर आत्ताच सांग, मी नाव काढून घेते. आणि यंदा काढलं तर पुन्हा घालायची नाही. माझं आता दुसरं यायचं वय राहिलं नाही."

नोरीन रडून बोलली असती तर लिंडसेला सोपं गेलं असतं. ती भांडी पुसत बोलली.

"होईल नीट," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी त्याने घरापुढे गाडी लावली आणि बॉनेट उघडलं. कुलबरात जन्मलेल्या माणसाने ही चूक करावी याला क्षमा नाही. तिथे चर्चची घंटा वाजवली तर चार म्हाताऱ्या येतात, पण बॉनेट उघडलं तर अख्खी आळी येते. प्रत्येकाच्या हातात बिअर असते, प्रत्येकजण मडगार्डवर कोपर टेकतो आणि इंजिनकडे असा बघतो की जणू मयताचं तोंड बघायला आलाय. थोडा वेळ कुणी बोलत नाही. ती अदब असते. मग सगळे बोलतात.

यात एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडणारा माणूस गावातून उठतो. शेजाऱ्याने मदत देऊ केली की नको म्हणायचं नाही. पैशाचं नाव काढायचं नाही, काम झालं की बिअरचा खोका नेऊन द्यायचा. आणि एकदा शेजाऱ्याने इंजिनला हात लावला की ती गाडी गॅरेजला न्यायची नाही, कारण ते त्याच्या थोबाडीत मारल्यासारखं होतं. या दोस्तीपायी त्या मुलखात किती गाड्या मेल्या याची गणती नाही. पण कुणी तक्रार करत नाही. दोस्ती फार चांगली गोष्ट आहे असं सगळ्यांना लहानपणीच सांगितलेलं असतं.

पहिला आला क्लॅरी नॉस्के. शेत विकून गावात राहायला आलेला म्हातारा. गहू कापायची यंत्रं जन्मभर आपणच दुरुस्त केली असं सांगायचा. त्यावर यंत्रांचं म्हणणं काय होतं ते विचारायला त्यातलं एकही शिल्लक नव्हतं.

"प्लग," क्लॅरी म्हणाला.

"मी अजून इंजिन सुरूही केलं नाही, क्लॅरी."

"कशाला करतोस? तोंडावरून कळतंय."

सहाही प्लग बदलले. क्लॅरीने जुने प्लग एकेक करून उन्हात धरले, हुंगले, आणि "हूं" म्हणाला. गाडी सुरू केली, आळीतून एक फेरी मारली, चर्चवरून वळून परत आणली. लोण्यात सुरी फिरावी तशी चालली. टाळ्या पडल्या. लिंडसेने क्लॅरीला खोका दिला. सोमवारी पोर्ट हेलनच्या रस्त्याला लागला, आणि अर्ध्या वाटेवर गाडी पुन्हा उचक्या द्यायला लागली.

दुसऱ्या वेळी बॉनेट उघडलं तेव्हा थानासी आला. कोपऱ्यावर त्याचं मासे आणि बटाटे तळून द्यायचं दुकान. त्याच्या अंगाला तळणाचा वास यायचा आणि बोलण्याला समुद्राचा.

"पाणी," थानासी म्हणाला. "पेट्रोलमध्ये पाणी शिरलंय. माझ्या बोटीचं हेच झालं होतं. स्पिरिटची बाटली ओत टाकीत, स्पिरिट पाणी पिऊन टाकतं."

"बोट सुधारली?"

"बोट बुडाली रे. पण इंजिन शेवटपर्यंत झकास चालू होतं."

जांभळ्या स्पिरिटची बाटली टाकीत गेली. आळीतून फेरी झाली. गाडी लोण्यासारखी चालली. खोका थानासीकडे गेला. बुधवारी मोठ्या रस्त्यावर त्याच जागी, त्याच कोठीच्या सावलीत, तेच गचके. आता लिंडसेला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गचके बसू लागले. शेजारी नोरीन पडून असायची. जागी आहे की झोपली, हे विचारायची त्याची छाती होत नव्हती.

मग बेव्हन. हा घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरायचा आणि त्यामुळे आपल्याला वीज समजते असं त्याने धरून ठेवलं होतं. पत्रं वाटणाऱ्याला साहित्य कळत असेल तर यालाही वीज कळत असेल.

"क्लॅरी चांगला माणूस आहे, थानासीही आहे," बेव्हन मडगार्डवर बिअर ठेवत म्हणाला. "पण हे विजेचं काम आहे, गड्या. प्लगच्या वायरी गेल्यात." आणि त्याने सहाच्या सहा वायरी एकदम उपटल्या.

"बेव्हन, कुठली कुठे होती त्याची खूण केलीस ना?"

"सगळं डोक्यात आहे."

डोक्यात तेव्हा तिसरी बिअर होती. नव्या वायरी बसल्या, लिंडसेने किल्ली फिरवली, आणि गाडी अशी थरथरू लागली की डॅशबोर्डावरचा चष्मा आपण होऊन खाली उतरला. "गरम होऊ दे, बसेल," बेव्हन म्हणाला. लिंडसे निघाला. क्लबच्या हिरवळीवर तेव्हा बायकांचा चेंडू घरंगळवायचा सामना चालला होता. पांढरे स्कर्ट, पांढऱ्या टोप्या, शेवटचा चेंडू टाकायला ग्लेनिस वाकलेली. नेमक्या त्या क्षणी सायलेन्सरमधून बार उडाला. तारेवरचे गुलाबी काकाकुवे एकदम उडाले. ग्लेनिसच्या हातून चेंडू सुटला तो थेट गटारात गेला. दुसऱ्या बाराला पंचाने जमिनीवर लोळण घेतली. हा पंच जुना सैनिक होता आणि त्याच्याकडून तरी वेगळी अपेक्षा होती.

कुंपणाला टेकून मटणाचं पॅटिस खात उभी होती शॅनन, गावची कॉन्स्टेबल. तिने पॅटिसचा शेवटचा घास शांतपणे संपवला, बोटं पुसली, आणि हात वर केला.

"लिंडसे, मला खरंच वाईट वाटतंय," ती म्हणाली, आणि काचेवर सदोष वाहनाची पिवळी पट्टी डकवली. "तपासणी होऊन ही निघेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही."

तिला वाईट वाटत नव्हतं. लिंडसे कौन्सिलच्या कचेरीत खिडकीमागे बसायचा, आणि गेल्या वर्षी शॅननच्या कुत्र्याच्या नोंदणीसाठी त्याने तिला तीन हेलपाटे घालायला लावले होते. कुत्र्याचा रंग 'तपकिरी' लिहिला होता आणि नियमात 'लालसर' होतं. पट्टी चिकटवताना तिने तिचे चारही कोपरे अंगठ्याने मायेने दाबले.

गाडी ढकलत घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने वाहन कचेरीला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एका बाईचा आवाज आला, थंड, नीटनेटका.

"गाडी दुरुस्त झाली आहे का?"

"ते चालवून बघितल्याशिवाय कळणार नाही."

"पट्टी असताना चालवता येणार नाही."

"मग झाली की नाही हे कळणार कसं?"

"तपासणीत कळेल."

"बरं, तपासणी कधी मिळेल?"

"दुरुस्त झाल्यावर."

लिंडसेच्या कानात काहीतरी ओळखीचं वाजलं. हा स्वर त्याने कुठेतरी ऐकला होता. थोडं आठवलं आणि त्याला घाम फुटला. तो त्याचाच स्वर होता, खिडकीमागचा. इतकी वर्षं हा स्वर तो दुसऱ्यांच्या कानात ओतत आला होता आणि त्याची चव कशी असते ते त्याला आज कळत होतं. कारकुनाला माणसात आणायचं असेल तर त्याला दुसऱ्या कारकुनापुढे उभं करावं. बाकी सगळे उपाय फोल आहेत.

"बाई," तो नरमाईने म्हणाला, "तुम्ही म्हणाल ती तारीख."

"तुमच्या भागात तपासनीस पोर्ट हेलनला येतो, कौन्सिलच्या यार्डात. या महिन्यात एकच दिवस रिकामा आहे, शुक्रवार. तो कुणी घेत नाही. शेजारच्या मैदानात त्या दिवशी काहीतरी प्रदर्शन असतं म्हणे, गर्दी होते."

लिंडसे खुर्चीतून उठून उभा राहिला. "तो मला द्या."

"फक्त तपासणीसाठी, जवळच्या रस्त्याने, वाटेत दुसरं कुठलंही काम न करता गाडी नेता येईल."

"बरोबर बायको असली तर?"

"बायको म्हणजे काम का?"

"नाही."

"मग चालेल."

"आणि तिच्या मांडीवर स्पंज केक असला तर?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "नियमात केकचा उल्लेख नाही," ती म्हणाली, आणि तिच्या त्या थंड आवाजाला कुठेतरी किंचित तडा गेल्यासारखा वाटला.

आता गाडी चालवून बघता येत नव्हती, पण बघता तर येत होती. लिंडसेने घरच्या गॅरेजचं दार आतून लावून घेतलं आणि मग बॉनेट उघडलं. बेव्हनने दार ठोठावलं तेव्हा तो श्वास रोखून बसला. एक चिंधी, थोडं रॉकेल, आणि इंजिनावरचा चाळीस वर्षांचा काळा थर. खरवडता खरवडता लोखंडात ओतलेले आकडे वर आले. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. ठिणगी कुठल्या सिलिंडरला कुठल्या क्रमाने जायची ते बनवणाऱ्याने तिथेच सांगून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं सगळे त्यावर बिअर ठेवत आले होते. लिंडसेने एकेक वायर बोटाने मागे मागे माग काढत जागेवर घातली. दोन वायरींची अदलाबदल झालेली निघाली. किल्ली फिरवली. थरथर गेली. इंजिन मांजरासारखं घुरघुरू लागलं.

एवढं त्याने एकट्याने केलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि म्हणूनच त्याला ते खरं वाटलं. पण हे बेव्हनने केलेलं दुखणं होतं. मूळचं दुखणं अजून तसंच आत बसलं होतं, हेही त्याला माहीत होतं.

शुक्रवार उजाडला. नोरीनने पहाटे भाजलेला स्पंज दोन थरांत, मध्ये जॅम, वरून साखरेची भुकटी भुरभुरलेली, खोक्यात असा ठेवला जसं तान्ह्याला पाळण्यात ठेवतात. ती बसली, खोका मांडीवर घेतला, आणि म्हणाली, "एक गोष्ट. वाटेत काहीही झालं तरी बॉनेट उघडायचं नाही. ते उघडलंस की तू दोन तास माझा नसतोस."

"नाही उघडणार."

अर्धी वाट गाडी सुतासारखी सरळ गेली. लिंडसेच्या छातीत काहीतरी फुलायला लागलं होतं, तोच कोठीची सावली आली आणि त्याबरोबर पहिला गचका. मग दुसरा. नोरीनने खोका मांडीवरून उचलला आणि हवेत धरला, दोन्ही हात ताठ, गचक्यांना हाताच्या कोपरांत जिरवत. तिची बोटं पांढरी पडली होती. लिंडसेने गाडी बाजूला घेतली.

मागून रॉसची नवीकोरी गाडी आली, पुढे गेली, थांबली, आणि मागे मागे सरकत आली. काच खाली उतरली. मागच्या सीटवर ग्लेनिसचा केक, त्याला चक्क पट्टा बांधलेला.

"बसा चला," रॉस म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता, हे जास्त वाईट होतं. "नऊ वाजायला वेळ आहे, पण फार नाही."

लिंडसेने मान खाली घातली. हट्ट, ख्रिसमस, अंत्ययात्रा, सगळं गिळलं. माणूस आयुष्यात एकदोनदाच इतकं गिळतो आणि ते पोटात फार दिवस राहतं. "जा तू, नोरीन," तो म्हणाला. "केक पोचू दे. मी मागून येतो, चालत का होईना."

नोरीनने ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसने आपली पर्स सरकवून जागा केली. नोरीनने परत नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या रॉकेलने काळवंडलेल्या नखांकडे.

"तुम्ही व्हा पुढे," ती भावाला म्हणाली. "आम्ही येतो आमच्या गाडीने."

रॉसची गाडी गेली. धूळ बसली. रस्त्यावर आता गहू, वारा आणि बंद बॉनेट. लिंडसेचे हात बॉनेटकडे जायला शिवशिवत होते, पण शब्द दिला होता. म्हणून तो रागारागाने उलट बाजूला गेला, मागे. मागे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. थानासीच्या स्पिरिटला चार शिव्या द्याव्यात म्हणून त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

'सुऽऽऽस्स' असा लांबलचक आवाज झाला. टाकीने दम लागलेल्या माणसासारखी हवा आत ओढून घेतली.

लिंडसे झाकण हातात धरून उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. पेट्रोल खर्ची पडतं तेवढी हवा टाकीत आत यायला हवी. ती येत नव्हती. टाकी आतून पेट्रोल ओढून धरत होती आणि इंजिन पुढे उपाशी मरत होतं. आळीतल्या फेरीत एवढा उपास घडत नव्हता, म्हणून प्रत्येक वैद्याला यश येत होतं. गाडी उभी राहिली की कुठून तरी झिरपत हवा आत जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत. दुखणं पहिल्यापासून मागे होतं. पण बिअर ठेवायला मडगार्ड पुढे, कोपर टेकायला जागा पुढे, म्हणून सगळी अक्कल पुढे गोळा होत होती.

तो गवतात आडवा झाला. झाकणाखालून निघून चाकामागे उतरलेली एक बारीक नळी होती, टाकीला श्वास घ्यायला ठेवलेली. तिचं तोंड चिखलाने गच्च लिंपलेलं होतं, कुंभाराने माठ बुजवावा इतकं सफाईदार. कुंभारीण माशीने तिथे घर केलं होतं. त्याने शेताच्या कुंपणाच्या तारेचं लोंबतं टोक वाकवून वाकवून तोडलं आणि नळीत घातलं. चिखल निघाला, त्यामागे पिल्लांसाठी साठवलेले लुळे कोळी निघाले, मग पुन्हा चिखल. शेवटी त्याने नळीला तोंड लावून फुंकर मारली. टाकीच्या आत गुडगुड झालं. तोंडात पेट्रोल, चिखल आणि बहुधा कोळ्याचा एखादा पाय. जगात याहून चवदार घास त्याने खाल्ला नव्हता.

"काय होतं?" तो स्टिअरिंगमागे बसला तेव्हा नोरीनने विचारलं.

"माशी."

"तोंड पूस."

गाडी निघाली. कोठी गेली, दुसरी कोठी आली. नोरीनने खोका हवेत धरून ठेवला होता. मग तिची कोपरं जराशी खाली आली. मग खोका मांडीवर टेकला. मग तिने खिडकीची काच खाली केली. एकही गचका नाही. लिंडसेने पाय दाबला. सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात गाणं म्हणत होते, आणि तो त्यांच्याबरोबर म्हणू लागला, सुरात नव्हे.

पोर्ट हेलनच्या मैदानाबाहेर गाड्यांची शेपटी अर्ध्या गावापर्यंत गेली होती. मधोमध कुठेतरी रॉसची नवी गाडी अडकलेली, रॉस हॉर्न वाजवतोय, ग्लेनिस मनगटावरचं घड्याळ बघतेय. तेवढ्यात फाटकावरच्या नारिंगी कोटवाल्याचं लक्ष काचेवरच्या पिवळ्या पट्टीकडे गेलं.

"तपासणी का?" त्याने विचारलं. "मग या लायनीत कशाला मरतोस, गड्या? मागच्या फाटकाने यार्डात जा, मोकळं आहे." आणि त्याने अडथळ्याचा दांडा उचलला.

पेंगेलींची वॅगन रॉसच्या शेजारून, मोकळ्या गल्लीतून, सावकाश गेली. लिंडसेने काही केलं नाही. हात हलवला नाही, हसला नाही. फक्त खिडकीवर कोपर टेकलं. मागचं फाटक उघडत होतं ते केकच्या मंडपाच्या पाठीमागे. नोरीन खोका घेऊन उतरली आणि ज्या चालीने आत गेली, त्या चालीने राण्यासुद्धा जात नसतील. त्यांना सवय असते.

ग्लेनिसही पोचली, बूट हातात घेऊन धावत, नऊला अगदी थोडं कमी असताना. चांगलंच झालं. ती पोचली नसती तर कुणी म्हणालं असतं, नोरीनला मोकळं रान मिळालं.

तपासनीस हा डुलक्या घेत बसलेला गृहस्थ होता. त्याने इंजिन सुरू केलं, ऐकलं, यार्डात दोन फेऱ्या मारल्या, मग मोठ्या रस्त्यावर लांबवर जाऊन आला. "पट्टी कशासाठी होती?"

"आवाजासाठी."

"कुठला आवाज?"

"तेच तर मी म्हणतोय," लिंडसे म्हणाला. तपासनीसाने नखाने पट्टीचा कोपरा उचलला. शॅननने ती इतकी मायेने चिकटवली होती की खरवडायला बराच वेळ लागला.

दुपारी मंडपाचे पडदे उघडले. परीक्षक बाई म्हणजे काठीसारखी ताठ म्हातारी. तिने दोन्ही केकचे तुकडे कापून, दाबून, उन्हाकडे धरून बघितल्याचं सगळ्यांना नंतर कळलं. नोरीनच्या ताटाला पहिल्या नंबरची निळी फीत लावलेली होती. ग्लेनिस बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिली. आतली जाळी अगदी एकसारखी, बारीक, पिवळीधमक.

"बदकाची अंडी?" तिने विचारलं.

"बदकाची."

"मला वाटलंच," ग्लेनिस म्हणाली. दोघी चहा प्यायला गेल्या. रॉस लिंडसेजवळ आला आणि वॅगनच्या छपरावर थाप मारून म्हणाला, "बरी धावते रे अजून." लिंडसेला एवढं पुरेसं होतं. खरं तर पुरेसं नव्हतं, पण रॉसकडून याहून जास्त निघत नसतं.

संध्याकाळी गाडी घरापुढे लागते न लागते तोच तिघे आले. क्लॅरी, थानासी, बेव्हन. तिघांच्या हातात बिअर, तिघांची कोपरं मडगार्डवर, तिघांची नजर बंद बॉनेटवर.

"मग काय निघालं?" क्लॅरीने विचारलं. "प्लगच ना?"

त्या घडीला लिंडसेला गप्प बसता आलं असतं. दोस्तीचा कायदा तेच सांगत होता. पण सकाळपासून त्याच्या तोंडाची चव वेगळी होती.

"तुम्हा तिघांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही," तो म्हणाला. "मलाही कळत नव्हतं. तुम्ही तिघे गोड माणसं आहात, आणि तुम्ही माझ्या बायकोचा केक जवळजवळ मारला होता. दुखणं मागे होतं. टाकीच्या नळीत माशीने घर केलं होतं. आपण सगळे रोज पुढे उभे राहून पीत होतो."

मग तिघे एकापाठोपाठ एक गाडीला वळसा घालून मागे गेले. थानासी उकिडवा बसला. क्लॅरीने चष्मा वर केला. त्या एवढ्याशा नळीकडे ते तिघे बराच वेळ मान खाली घालून बघत राहिले.

"मला मागच्या बाजूचा संशय होताच," बेव्हन म्हणाला.

"मी तर म्हणणारच होतो," थानासी म्हणाला.

"पण हा सायलेन्सर, लिंडसे," क्लॅरी म्हणाला आणि खाली वाकला, "याचं मला काही खरं दिसत नाही. जरा पाना आण बघू."

लिंडसेने पाना आणला नाही. तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला. नोरीन दारात उभी होती, तिने ते बघितलं, एप्रन काढून कठड्यावर टाकला आणि येऊन शेजारी बसली. कुठे जायचं ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आळीतून बाहेर पडली, चर्चवरून वळली नाही, सरळ मोठ्या रस्त्याला लागली, जिथे लांब लांब जाता येतं.

मागे घरापुढे काँक्रीटवर तेलाचा एक डाग उरला. त्या डागाभोवती तिघे हातात बिअर धरून तसेच उभे होते. थोडा वेळ गेला. मग क्लॅरी म्हणाला, "गळती आहे बरं का."